तांब्याभर पाणी

एकदा एका बंदराच्या गावी यहुदी वस्तीत असाफ नावाचा एक तरुण विद्यार्थी राहत होता. बुद्धीने तल्लख, गळ्याने गोड. जन्माने तो लेवी, म्हणजे प्राचीन मंदिरात गायन आणि राखण करणाऱ्यांच्या वंशातला. त्याच गावात इथामार नावाचा एक गाढववाला होता. तो मात्र याजककुळातला, म्हणजे त्याच मंदिरातल्या पुरोहितांच्या वंशातला. सणाच्या दिवशी सभेला आशीर्वाद देण्याचा मान त्याचा, आणि आशीर्वादापूर्वी त्याच्या हातांवर पाणी घालण्याचे काम असाफचे.

हेच असाफला सलत असे. इथामार आशीर्वादाच्या तीन ओळींतही अडखळायचा, आणि अख्खे शास्त्र मुखोद्गत असलेला आपण त्याच्यापुढे तांब्या घेऊन उभे राहायचे!

एका सणाला त्याने ठरवले, आज जायचेच नाही. वेळ झाली तसा तो गायकांच्या मागे जाऊन ग्रंथात डोके घालून बसला.

इथामार घंगाळापाशी हात पुढे करून उभा राहिला. तांब्या भरलेला होता. शेजारीच वृद्ध गुरू रब्बी हिल्कीया बसले होते. सभागृहाचे अंगण रोज स्वतः झाडणारे, आजाऱ्याचे अंथरूण धुणारे. कोणीतरी म्हणाले, "रब्बी, तुम्हीच घाला ना पाणी!"

रब्बींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "लेवी हजर आहे," एवढेच म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

सभा खोळंबली. पोरे खुसखुसू लागली. मागच्या बाकावरचा खजुराचा व्यापारी कुरकुरला, "घरी कढी गार होतेय हो!" इथामारचे पसरलेले हात अवघडले, पण खाली आले नाहीत. एकेक मान असाफकडे वळू लागली. अखेर तो उठला, लाल चेहऱ्याने आला आणि पाणी घातले. हात पुसताना इथामार हळूच म्हणाला, "माफ कर हं. मी घरूनच धुऊन येणार होतो, तुला कशाला त्रास."

प्रार्थना आटोपल्यावर असाफने रब्बींना अंगणातच गाठले. "गुरुजी, तांब्या तुमच्या हाताशी होता. चारचौघांत मला लाजवलंत!"

"लाजलास तो तुझा तू," रब्बी हसले. "बैस. शास्त्राने याजकांना बजावलंय, लेवींनी तुमच्या कामाला हात लावू नये. का?"

"याजक श्रेष्ठ म्हणून."

"मग त्याच वाक्यात पुढे मरणाचा धाक दोघांनाही का? नाहीतर तेही मरतील आणि तुम्हीही, असं का म्हटलंय?"

असाफने ते वाक्य पुन्हा मनात म्हटले. वाक्य पाठ होते, पण त्यात हा प्रश्न दडलेला त्याला कधी दिसला नव्हता.

"भाष्यकार इथेच थबकतात," रब्बी म्हणाले. "मोठ्याने धाकट्याचं काम केलं तर आपण त्याला नम्रता म्हणतो. पण भाष्यकार म्हणतात, याजकानेही लेवीचं काम करू नये. इतकंच काय, गाणाऱ्या लेवीने राखण करणाऱ्या लेवीचं दार लावायला धावलेलंही त्यांना खपत नाही. तिथे वरची पायरी आणि खालची पायरी असती, तर वरच्याला खाली उतरायला मनाई कशाला हवी होती? अरे, पाणी मीही घातलं असतं, इथामारनेही घेतलं असतं. काम झालं असतं, पण तू गळला असतास. आणि तू गळलास हे कोणाला कळलंही नसतं. आज तुझ्यासाठी सगळं गाव कढी गार होऊ देत थांबलं. याहून मोठा मान तुला कुठला हवा?"

असाफला हसू आले आणि डोळेही भरून आले. 

पुढचा सण कडाक्याच्या थंडीत आला. असाफ सगळ्यांच्या आधी येऊन घंगाळापाशी उभा होता. इथामारने हात पुढे केले. दोरखंड ओढून ओढून त्या हातांवर पडलेल्या भेगा असाफला आज प्रथमच दिसल्या. तो अगदी बेताने धार धरू लागला.

इथामार दचकला. "अरे, कोमट आहे!"

"हो काका. पहाटे चूल पेटवली."

इथामार पुढे गेला, हात उंचावले, आणि नेहमीसारखाच दुसऱ्या ओळीला अडखळला. त्या दिवशी सभेत सगळ्यांत खणखणीत 'आमेन' असाफचा होता.