पानावरून उठून गेलेली

“पण त्या बाईला अभ्यासात धरायचं तरी कसं, भंते? ती तर अर्ध्यातनंच उठून गेली!”

डॉ. हेमांगी टिळेकर टेकडीवरच्या विहारात बसून विचारत होती. ध्यानानं माणसाच्या मनाला काय होतं, याच अभ्यासात तिची अर्धी हयात गेली होती. ती इथं माणसं ध्यानाला बसवायची, आणि शिबिर संपलं की एकेकाला विचारायची, कसं वाटतंय? बरं वाटतंय, म्हणायचे सगळे. देशोदेशी तिचं नाव झालं होतं.

म्हातारे भंते सुमेध हसले.

“पंगतीत पोटभर जेवले, त्यांनाच विचारलंत होय, स्वयंपाक कसा झाला म्हणून? पानावरून उठून गेलं, त्याला नाही?”

“माझी रीतच तशी होती, भंते.”

“हं… उठण्याआधी काय म्हणत होती ही चित्रा?”

हेमांगीनं मान खाली घातली. चित्रा नुकतीच बाळंतपणातून उठलेली.

“म्हणाली, बाई, डोळे मिटले की माझी तान्ही मला विहिरीत दिसते. जीव थाऱ्यावर राहत नाही.”

“मग?”

“मी म्हटलं, नुसता विचार आहे. आला तसा जाईल. बसा.”

“गेला?”

“नाही… तीच गेली उठून. मी यादीतनं तिचं नाव गाळलं.”

“आता कुठं असते?”

“माहेरी. काल तिची आई भेटली. दुधानं पदर भिजतो, पण पोरीला जवळ घेत नाही म्हणे. आपल्याच हातून काही होईल, म्हणून भिते.”

बोलता बोलता हेमांगीचा आवाज चढला.

“ती उठली तेव्हा तुम्हीही समोरच होता ना, भंते?”

“होतो.”

“मग हाक का नाही मारलीत?”



“माझे डोळे मिटलेले होते, बाई.”



“मला ध्यानाला बसवा आता,” हेमांगी म्हणाली. “मन नुसतं पोळतंय. जरा शांत झालं की जाईन तिच्याकडं… काय ते बोलेन.”

तिनं मांडी घातली, डोळे मिटले. ध्यानाची घंटा वाजायची वाट पाहिली.

वाजली नाही.

डोळे उघडले, तर भंते दारात वाकलेले. तिच्या चपला त्यांनी बाहेरच्या अंगाला तोंड करून ठेवल्या होत्या. शेजारी स्वतःच्या.

“अहो भंते, हे काय! आधी मन तर शांत होऊ द्या!”

“शांत झालं, तर जाईल कोण?”