सणगराने खड्डा कुठे खणला

फार फार वर्षांपूर्वी, समुद्राला पलीकडचा काठ असतो हेच जेव्हा पुष्कळांना पटत नव्हतं, तेव्हा एका उन्हाळी मुलखात एक सणगर राहत होता. सणगर म्हणजे मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणणारा. या सणगराचा हात असा, की त्याची घोंगडी पावसात दिवसभर डोक्यावर घेतली तरी आतला माणूस कोरडा राही.

पण त्याच्या आळीत सात घरं आणि सात माग. सातही सणगर कसबी. आणि मुलूख असा गरम, की ऐन पौषातही लोक उपरणं पांघरून निजत. मग घोंगडी घ्यायची कोणी? सात जणांनी विणायची आणि सात जणांनी एकमेकांना दाखवून "वा, वा" म्हणायचं, असा सगळा प्रकार.

एके दिवशी आळीत दवंडी आली.

"ऐका हो ऐका! सातासमुद्रापलीकडे एक राज्य आहे. जमीन उदंड, माणसं थोडी. ज्याच्या हातात कसब असेल त्याने यावं. महिनाभर राज्य हिंडून पाहावं आणि आवडेल त्या खेड्यात राहावं. घर गाव बांधून देईल! निवड मात्र एकदाच. ठरलं की बारा वर्षं गाव सोडता येणार नाही हो!"

दवंडी पुरी व्हायच्या आतच सणगर घरात धावला. "अगं ए, ऊठ! बोचकं बांध!"

"कुठं निघालाय?" सणगरीण म्हणाली.

"समुद्रापल्याड!"

"जेवून जायचं का तसंच?"

असा तो सणगर. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, याने तर लग्नाला वीस वर्षं झाली तरी बाशिंग उतरवलं नव्हतं. पण मन मात्र निर्मळ. आनंद झाला की त्याला तो लपवता येत नसे, आणि चूक कळली की तीही लपवत नसे.

जहाजात बसून ते पलीकडच्या काठाला उतरले. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना एक घोडागाडी दिली आणि विचारलं, "शेतकऱ्याने नांगर धरला की त्याचं गाव ठरतं. लोहाराने भाता लावला की त्याचं ठरतं. तुमच्यात काय रीत आहे?"

"आमच्यात आधी मागाचा खड्डा, मग घर," सणगर म्हणाला. "खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. जिथं खड्डा तिथं आमचं बस्तान."

"मग खड्डा मांडीइतका खोल झाला, की तेच तुमचं गाव. बारा वर्षं!"

आता त्या अधिकाऱ्याची भाषा सणगराला कशी कळली, असं मला विचारू नका. गोष्टीत सगळ्यांना सगळ्यांची भाषा कळते, म्हणून तर गोष्टी बऱ्या असतात.

गाडी निघाली, आणि काय तो मुलूख! दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, दिवसभर चाललं तरी न संपणारी. आभाळ एवढं मोठं, की सणगराची मान दुखायला लागली. कोसच्या कोस माणूस दिसत नव्हता आणि मग अचानक दहा-वीस घरांचं एखादं खेडं समोर येई. प्रत्येक खेडं दिसलं की सणगर उभा राहून ओरडे, "हेच! हेच ते गाव!"

"अवं, घोडं तरी थांबू द्या," सणगरीण म्हणे.

नदीकाठचं एक गाव त्याला आवडलं, कारण तिथली घरं पिवळ्या रंगाची होती. दुसरं आवडलं, कारण तिथल्या लोकांनी लोणी खायला घातलं. दोन्ही वेळा सणगरिणीने फावडं गाडीतल्या गवताखाली लपवून ठेवलं, म्हणून बरं.

पंधरा दिवसांनी ते दक्षिणेकडच्या एका गावात आले, आणि सणगराने गाडीतून उडीच मारली. तीच लाल माती. तीच बोडकी टेकडी. तोच उन्हाचा तडाखा. आणि वेशीवर, तुम्हाला खरं वाटणार नाही, एक चिंचेचं झाड!

सणगराचे डोळे भरून आले. त्याला चिंच एवढी का लागावी, तेही सांगतो. घोंगडीचे उभे धागे मागावर ताणायच्या आधी त्यांना चिंचोक्यांची खळ लावावी लागते. खळ म्हणजे चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली पेज. ती लावली नाही तर धागा पावलोपावली तुटतो. चिंच नाही तिथे सणगर नाही, असं त्यांच्या आळीत लहान मुलालाही ठाऊक होतं.

"अगं, हे आपलंच गाव आहे!" तो ओरडला. "समुद्र ओलांडून आपलंच गाव!" या खेपेला त्याने फावडं शोधून काढलं आणि चिंचेखाली खणायला लागला.

गावकरी गोळा झाले. सणगराने हात पुसून आपली सगळ्यांत चांगली घोंगडी त्यांच्यापुढे पसरली. एकाने ती खांद्यावर घेतली, वाखाणली, घाम पुसला आणि लगेच परत दिली.

"फार सुंदर आहे," तो म्हणाला. "पण आम्ही बारा महिने अंगणात उघडे निजतो. हिला करायचं काय?"

"हळूहळू घ्याल!" सणगर हसत म्हणाला आणि पुन्हा खणू लागला. खड्डा घोट्याइतका झाला. मग गुडघ्याइतका झाला.

तेवढ्यात सणगरीण खाली उतरली आणि त्या खड्ड्यात मांडी घालून बसली.

"ऊठ की! अजून वीतभर राहिलाय."

"मला पुरा आणि मग खणा."

"अगं, वेडी का खुळी तू? चिंच आहे, माती आहे, ऊन आहे. आणखी काय हवं?"

"अवं, 'हळूहळू घेतील' हे आपण आळीत किती वर्षं म्हणत होतो?" ती म्हणाली. "समुद्र ओलांडताना मला भीती वाटत होती, तरी मी आले. ती काय पुन्हा त्याच आळीत बसायला? आता तर सात घरंबी नाहीत. 'वा, वा' म्हणायला कोण येणार? बारा वर्षं कशी काढायची? आजून पंधरा दिस हातात हाईत. उत्तरेकडं बघू. न्हाई पटलं तर इथंच येऊ, मी सोता फावडं धरीन."

सणगराने तिच्याकडे पाहिलं, परत आलेल्या घोंगडीकडे पाहिलं. त्याला फार राग आला. राग यायचं कारण एवढंच, की ती खरं बोलत होती. तो फावडं घेऊन गाडीत जाऊन बसला.

गाडी उत्तरेला निघाली तसा वारा गार होत गेला. घोड्याच्या नाकातून वाफा निघू लागल्या. सणगर गाल फुगवून बसला होता आणि दर कोसाला सांगत होता, "चिंच दिसत नाही. अजून चिंच दिसत नाही." शेवटी रस्ता एका खेड्यात जाऊन संपला. दिवसाढवळ्या गावात शुकशुकाट. चौकात फक्त एक म्हातारी उभी, अंगावर पांघरलेलं, वाळून कडक झालेलं जनावराचं कातडं. ती त्या गावची कारभारीण होती.

"गावातली माणसं कुठं गेली, मावशी?" सणगराने विचारलं.

"आहेत की घरात," म्हातारी म्हणाली. "आमचा विणकर वारला त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्यामागं कोणी शिकलं नाही. आता घरात पांघरायला एकच कातडं असतं. उन्हाळ्यातही इथला गारठा हटत नाही, त्यामुळं बाहेर यायचं ते एका घरातून एकानंच. तो परत आला की दुसरा."

"आणि मेंढ्या नाहीत?"

"माणसांपेक्षा जास्त आहेत."

"मग त्यांची लोकर?"

"भिंतीच्या फटी बुजवतो तिनं."

सणगराला भोवळच यायची बाकी होती. त्याने भिंतीतून एक पुंजका ओढून काढला आणि बोटांत पिंजून पाहिला. लांब, मऊ, चिवट लोकर! अशी लोकर त्याच्या बापजाद्यांनी पाहिली नव्हती, आणि इथे ती उंदरांच्या वाटा अडवत होती.

त्याने आपली घोंगडी म्हातारीला दिली. "जरा घेऊन बघा."

घोंगडी गेली ती गेलीच. म्हातारीच्या खांद्यावरून शेजारणीच्या, शेजारणीच्या खांद्यावरून सुताराच्या. एक बाई दोन महिन्यांनी प्रथमच गावाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडे जाऊन आली. दिवस मावळायला आला तेव्हा कुठे घोंगडी परत आली.

पण सणगराचं तोंड उतरलेलं. "लोकर हाय, माणसं हाईत, थंडी हाय," तो बायकोला म्हणाला. "पण चिंच न्हाई. खळीवाचून एक हात कापड निघायचं न्हाई. या लोकांना आशा लावून बारा वर्षं तोंड कसं दाखवू?" आता त्याला स्वतःची नव्हे, त्या लोकांची काळजी लागली होती. हे त्याच्या ध्यानात आलं नाही, सणगरिणीच्या आलं.

त्या संध्याकाळी म्हातारीने त्यांना मक्याच्या पिठाची दाट पेज वाढली. सणगराच्या मांडीवर त्याने सवयीने कातलेली इथल्या लोकरीची लडी होती. विचाराच्या नादात त्याचा धक्का लागला आणि वाडगा लडीवर पालथा झाला. आधीच मन थाऱ्यावर नाही, त्यात हे. त्याने लडी तशीच चुलीजवळ टाकली आणि झोपून गेला.

सकाळी उठून बघतो तर काय! लडी पापडासारखी ताठ. त्याने एक धागा वेगळा केला, दोन्ही हातांनी ओढला. तुटेना. दातांत धरून ओढला. दात हलला, धागा तुटला नाही.

"अगं ए!" गावभर ऐकू जाईल असा तो ओरडला. "पेज! मक्याची पेज! खळ आहे ही! कोसच्या कोस खळ उभी आहे गं शेतात, आणि आपण चिंच शोधत हिंडतोय! फावडं! फावडं कुठंय?"

"गवताखाली," सणगरीण म्हणाली, आणि गाडीकडे त्याच्या आधी तीच धावली.

जमीन गारठून दगड झाली होती. सणगराने घाव घालावा आणि फावड्याने नुसतं टणकन वाजून मागे यावं. मग प्रत्येक घरातून एक जण बाहेर आला. कोणी कुदळ आणली, कोणी पहार. जो थकेल तो घरी जाऊन कातडं उतरवी आणि तेच पांघरून घरातला दुसरा येई. अशा पाळ्या लावून दुपारपर्यंत मांडीइतका खड्डा झाला. सणगर त्यात पाय सोडून बसला. त्याचं नाक टोमॅटोसारखं लाल झालं होतं, आणि हसू काही आवरत नव्हतं.

त्याने वर्षभर माग चालवला. सणगरिणीने गावातल्या बायकांना कातायला शिकवलं, दोघा-तिघांना मागावर बसवलं. पहिली घोंगडी जरा वाकडी निघाली, कारण मक्याची खळ किती दाट करायची ते हाताला कळायला वेळ लागला. मग मात्र घरामागून घर झाकलं गेलं.

पुढच्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला त्या सकाळी सणगर शेवटच्या घराची शेवटची घोंगडी मागावरून उतरवत होता. एवढ्यात बाहेर गलका झाला. तो घाबरून धावला, कारण या गावात गलका त्याने कधी ऐकलाच नव्हता.

चौकात सगळं गाव उभं होतं. सगळं, एकाच वेळी! काळ्या, पांढऱ्या, करड्या घोंगड्या आणि त्यांतून डोकावणारी तोंडं. पोरं बर्फात लोळत होती. नवरा-बायको एकमेकांचा हात धरून बऱ्याच वर्षांनी एकत्र हिवाळ्यातलं आपलं गाव बघत होते. चार घरं सोडून राहणारे दोन म्हातारे एकमेकांना निरखत होते.

"अरे, तू आहेस अजून?" एक म्हणाला.

"आहे की! मला वाटलं, तूच गेलास," दुसरा म्हणाला, आणि दोघे गळ्यात पडून रडायला लागले.

लोकांनी सणगराला आणि सणगरिणीला ओढत मध्ये नेलं. शेवटची घोंगडी त्याच्या हातातच राहिली होती. ती त्याने वाट पाहणाऱ्या एका पोरीच्या अंगावर घातली, तेव्हा गावात घरात बसून राहावं लागेल असं कोणीच उरलं नाही. सणगराला एवढा आनंद झाला, की तो मोठ्याने रडला, आणि ते लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं गाठीला बांधा: नवं गाव निवडताना ते आपल्या जुन्या गावासारखं दिसतं का हे बघू नका, तिथल्या माणसांचं आपल्या हातांवाचून काय अडलं आहे ते बघा.