पुलावरचं वाळवण

एका गावात हौसाबाई नावाची एक बाई होती, सगळे तिला आक्का म्हणायचे, आणि तिचं खरं कुणी म्हणून कुणी मानायचं नाही. गावाच्या मधून आगगाडीचे रूळ गेलेले. अलीकडे घरं, पलीकडे विहीर आणि बाजार. बायका डोक्यावर हंडे घेऊन रुळावरूनच ये-जा करायच्या. ही बाई चावडीवर जाऊन ओरडायची, "अरे, कुणी मेल्याशिवाय तुमचे डोळे उघडायचे नाहीत का? रेल्वे कंपनीकडे पूल मागा!"

"आक्का, तुझी आजी इथूनच गेली, आईही इथूनच गेली. त्यांना काय झालं?" गावकरी हसायचे. "म्हणे कंपनी पूल देणार! सोन्याचा मागू का चांदीचा?"

शेवटी आक्का एकटीच स्टेशनात गेली. रेल्वे कंपनीच्या साहेबानं तिचं ऐकून घेतलं. तेवढ्यावर थांबला नाही. स्वतः येऊन रुळाच्या कडेला उन्हात उभा राहिला, हंडे घेतलेल्या बायका गाडीपुढून कशा पळतात ते बघितलं. मग कंपनीनं पूल बांधला. चांगला रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, म्हाताऱ्यांना चढता येतील अशा बुटक्या पायऱ्या. शाळेत माणूस पाठवून पोरांनाही शिकवलं की रुळावर पाय ठेवायचा नाही. आणि सगळ्या गावासमोर साहेब म्हणाला, "हा पूल आक्कांमुळे झाला. आक्का, जरा लक्ष ठेवा."

झालं! आक्काच्या डोक्यात ते असं गेलं की विचारू नका. उठता बसता माझा पूल, माझा पूल.

उन्हाळा आला. पुलावर काय ऊन पडायचं! ना कोंबडी, ना शेळी, ना धूळ. आक्कानं धुतलेलं लुगडं अंथरलं आणि त्यावर कुरडया घातल्या. शेजारणीनं ते बघितलं.

"आक्का, माझे चार पापड घालू का कडेला?"

"घाल की. पूल काय परक्याचा आहे?"

बघता बघता सगळ्या आळीचं वाळवण पुलावर आलं. पायऱ्यांवर मिरच्या पसरल्या. पाऊल टाकायला जागा उरली नाही. कुणी चढायला लागलं की आक्का कठड्यावरून खेकसायची, "तुडवाल सगळं! खालून जा!" माणसं गुपचूप खालून जायची. म्हणजे कुठून? पुन्हा त्याच रुळावरून. पण हे काही आक्काच्या ध्यानात आलं नाही. कुरडईला तडा गेलेला मात्र लगेच दिसायचा.

एके दिवशी कासारीण आली. गावातल्या एकूण एक बाईच्या हातात हिनंच बांगड्या भरलेल्या. डोक्यावर बांगड्यांची जड टोपली.

"आक्का, कडेकडेनं वाट दे गं. एवढं ओझं घेऊन रुळावर जायची भीती वाटते."

"कुरडया ओल्या आहेत. आणि तू कधीपासून एवढी नाजूक झालीस? जा खालून."

कासारीण गेली. खडीत तिचा पाय मुरगळला आणि ती रुळावरच आडवी झाली. वळणावरून गाडी आली. शिट्टी वाजत होती, वाजतच होती. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबले. आक्का वर उभी होती, हातात कावळे हाकायची काठी. तिनं सगळं बघितलं.

जीव वाचला, पाऊल गेलं. कंपनीनं त्याच गाडीत घालून तिला आपल्या दवाखान्यात नेलं. मागं रुळावर राहिला बांगड्यांचा चुरा.

गाव खवळलं. "ड्रायव्हरनं शिट्टीच दिली नाही!" एक म्हणाला, मग सगळेच म्हणायला लागले. वाळवण घालणाऱ्या बायका तर सगळ्यांत मोठ्यानं.

साहेब चावडीवर आला. बरोबर ड्रायव्हर, मान खाली घालून. साहेब म्हणाला, "शिट्टी दिली नसेल तर याला नोकरीवरून काढावं लागेल. कुणी स्वतः बघितलं?"

"आक्का होती पुलावर! आक्काला विचारा! आक्का सांगेल ते खरं!"

खरं बोलत होती तेव्हा हसत होते, आणि आता एक खोटं बोलायचं तर अख्खं गाव मान डोलवायला तयार! शेजारणीनं कोपरानं ढोसलं, "नाही वाजली म्हण आणि मोकळी हो. नाहीतर वाळवणाचं कळेल आणि पूल काढून घेतील, मग पापड काय डोक्यावर वाळवायचे?"

आक्काची जीभ 'नाही' म्हणायला वळलीसुद्धा होती.

साहेब म्हणाला, "मी दवाखान्यातून येतोय. तिला विचारलं, पूल असताना खालून का गेलीस? तर म्हणाली, कुणीतरी खालून जा म्हणालं. कोण ते सांगेना. म्हणते, ज्या हातांत मी बांगड्या भरल्या त्या हातांचं वाईट माझ्या तोंडून व्हायला नको."

एकेका बाईनं हात पदराखाली ओढून घेतले. आक्कानं पण घेतले, आणि पदराखाली तिच्या बांगड्या किणकिणल्या. लाजेनं तिला उभं राहवेना. वाटलं, पाऊल जायचं तर माझं का गेलं नाही?

"साहेब, शिट्टी वाजली होती," ती म्हणाली. "मी ऐकली. ह्या माणसाचा काही दोष नाही."

"काय बोलतेस आक्का!" शेजारीण दातओठ खात म्हणाली.

"गप गं! कुरडयांपायी बाईचं पाऊल घालवलं, आता ह्याची भाकरीही घालवू?"

ड्रायव्हरनं मान वर केली आणि डोळे पुसले. साहेब हळूच म्हणाला, "मग दोष कुणाच्या नावावर लावू?"

तात्पर्य: सगळ्यांच्या जिवासाठी मिळालेली वाट आपलं अंगण समजून अडवू नये. आणि अडवून कुणाचा घात झालाच, तर त्याचा दोष दुसऱ्यावर ढकलू नये, ज्याचा असेल त्याचं नाव घ्यावं, मग ते आपलंच का असेना. आक्कानं घेतलं. खालमानेनं, पण शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं: "हौसाबाई."