तुळसाचा तांबडा कोंबडा

जिथे डांबरी रस्ता दमून थांबतो आणि नुसती पायवाट वर चढत राहते, तिथे एका हिरव्यागार टेकडीवर आठ घरं होती. त्यातल्या सात घरांना कुलपं होती. माणसं खाली रस्त्याकडेला राहायला गेली होती आणि कुलपांवर कोळ्यांनी चंदेरी जाळी विणली होती. आठव्या घरात राहायची चिमुकली तुळसा आणि तिचा बा.

आई तिला आठवतही नव्हती. बा सकाळीच दगडांच्या खाणीवर जायचा, तो दिवस मावळताना परतायचा. मधला अख्खा दिवस तुळसा एकटी. बोलणार कुणाशी? कोंबड्यांशी! पण कोंबड्या "कुक कुक" करून ऐकून घेतात, उत्तर काही देत नाहीत. तुळसाला फार फार एकटं वाटायचं.

कोंबड्या होत्या तीन, आणि एक बारकासा कोंबडा. त्यातली ठिपक्याठिपक्यांची मिरी तिची लाडकी. तिघीही मोठ्या चिवट. घार दिसली की सुळकन झुडपात, वाळवी दिसली की टिपून फस्त. ऊन म्हणू नका, वारा म्हणू नका, सगळं सोसायच्या. पण अंगावर मांस नावालाच! एक शिजवली तर बापलेकीचं एक जेवण व्हायचं, तेही अर्धपोटी.

एके दिवशी बा म्हणाला, "तुळशे, दसऱ्यापतूर बघू. दोघांचं भागंना झालं तर तुला हौसाआत्याकडं धाडतो. तिथं पोटभर तरी खाशील."

मी गेले तर बा संध्याकाळी कुणाशी बोलेल, एवढंच तुळसाला वाटलं आणि डोळे भरून आले.

फाल्गुनात एकदा ती खाली झऱ्यावर पाणी भरायला गेली, तर रस्त्याकडेला एक पांढराशुभ्र कोंबडा बसलेला. कोंबड्यांच्या टेम्पोतून पडला असावा. छाती ही भली थोरली, पाय मात्र लटपटते. दोन पावलं चालला की धापा टाकायचा. तुळसाने आपली अर्धी भाकरी त्याला चुरून घातली, ओंजळीने पाणी पाजलं आणि हंडा तिथेच ठेवून त्याला कडेवर घेतलं. नाव ठेवलं ढब्बू.

वर चढताना ती करवंदीच्या जाळीपाशी दम खायला टेकली. तोच जाळीत काहीतरी चमचमलं. बोटाएवढी इवलीशी परी! झगा पिकल्या करवंदाच्या रंगाचा, पंख पिल्लाच्या लवीसारखे पिवळेधमक, आणि पायांत दवाच्या थेंबांचे पैंजण.

"दमलीस ना गं?" परी म्हणाली. "स्वतः अर्धपोटी राहून याला खाऊ घातलंस. मी तुला तीन इच्छा देते. पण नीट ऐक हं! माझी जादू फक्त अंड्यात चालते, बाहेर नाही. प्रत्येक इच्छेला एकवीस दिवस लागतात, कारण त्याआधी अंडं कुणाचंच ऐकत नाही. आणि तिसरी इच्छा मागितलीस की मला जावं लागेल."

"आन् न्हाय मागितली तर?"

"तर मी इथेच. रोज दुपारी ये, गप्पा मारू."

तिसरी इच्छा मागायचीच नाही, असं तुळसाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पुढे मिरीने अंडी घातली आणि ती खुडूक होऊन उबवायला बसली. तुळसाने भुशाच्या पाटीत अंडी मांडली, विजेच्या कडकडाटाने अंडी दचकू नयेत म्हणून शेजारी कोळशाचा तुकडा ठेवला आणि घाईघाईने पहिली इच्छा मागून टाकली, "समदी पिल्लं ढब्बूवानी जड होऊ देत!"

एकविसाव्या दिवशी नऊ पांढरे गुबगुबीत गोळे बाहेर आले. भराभरा फुगले. पण घार आली आणि मिरी ओरडली, तेव्हा या शहाण्यांनी पळायचं सोडून माना वर केल्या! थोडी घारीने नेली, उरलेली उन्हाने गेली. रिकामी पाटी घेऊन तुळसा जाळीपाशी हमसून हमसून रडली.

"म्या चुकीचं मागितलं," ती म्हणाली.

परी रागावली नाही. "मग काय मागायला हवं होतं?"

तुळसाने ढब्बूकडे पाहिलं. मग मिरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आंग ढब्बूचं," ती हळूच म्हणाली, "आन् पाय नि अक्कल मिरीची."

"ही दुसरी इच्छा हं!" परी खुदकन हसली. पैंजण रुणझुणले. मिरी पुन्हा खुडूक बसली आणि वैशाखात पाटीतून तांबूस, ठिपक्यांची, चुळबुळी पिल्लं निघाली. आईसारखी सुळकन झुडपात शिरायची, आईसारखी वाळवी टिपायची आणि बापासारखी, ढब्बूसारखी, अंग धरायची. त्यात एक तर असा निघाला की बघतच राहावं! तांबडी झळझळीत पिसं, हिरवीकंच शेपटी, रुंद छाती. तो तांबू. बिचाऱ्या ढब्बूचे पाय मात्र त्याच्या वजनाने थकले. पावसाळ्यात एका दुपारी तो दारात बसला तो उठलाच नाही. तुळसाने त्याला जाळीखाली पुरलं.

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी हौसाआत्या तुळसाला न्यायला आली. पाहुणं आलं की घरातला सगळ्यात मोठा कोंबडा कापायचा, ही टेकडीवरची रीत. बाने सुरी घेतली आणि तांबूकडे हात केला.

तुळसाने तांबूला घट्ट मिठी मारली. "बा, ह्याला नगं! बारका काप."

बाचा चेहरा शरमेने लाल झाला. "पाहुणीम्होरं माझा आब घालवतीस व्हय?"

तुळसाने मिठी सोडली नाही. "दरसाली मोठा ताटात जातो आन् बारका मागं ऱ्हातो. मग पिल्लं हुत्यात ती बारक्याचीच. म्हणून तर आपल्या कोंबड्या मुठीएवढ्या झाल्या. ह्यो ऱ्हायला तर समदी थोर हुतील. मग मला धाडायला लागायचं न्हाय, बा!"

बाच्या हातातली सुरी खाली आली. आत्या सावकाश भावाला म्हणाली, "पोरगी खरं बोलती, सख्या. आपल्या आज्याच्या वक्ताला कोंबडा दोन हातांनी उचलावा लागायचा. मला बारका चालंल. आन् हिला ऱ्हाऊ दे तुझ्यापाशीच."

तुळसाला इतका आनंद झाला की काय सांगू! पण जेवण झाल्यावर आत्या ओसरीत एकटीच वाटेकडे बघत बसली. "मला वाटलं हुतं," ती स्वतःशीच पुटपुटली, "पोरगी आली म्हंजी घरात आवाज तरी हुईल."

तुळसाला ते आतपर्यंत लागलं. एकटं कसं वाटतं हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक? तिने तांबूच्या वंशाची तेरा अंडी भुशात बांधून आत्यासाठी टोपलीत ठेवली. पण वाट खडकाळ, दोन गावं लांबची. अंडी टिकणार कशी? टोपली घेऊन ती जाळीकडे पळाली.

"परी, तिसरी इच्छा मागायची हाय."

परी तिच्याकडे बघत राहिली. "उद्या दुपारी इथे कुणी नसेल हं, बाळ."

"ठाव हाय," तुळसा म्हणाली. "तेराच्या तेरा पिल्लं आत्याच्या घरात जन्मू देत."

परीने तिच्या नाकाच्या शेंड्याचा इवलासा पापा घेतला. मग ती हळदीसारखी पिवळी झाली, मग सोनेरी, मग नुसता प्रकाशच. तो प्रकाश टोपलीत झिरपला आणि तेरा अंडी आतून क्षणभर उजळली. जाळीत पानं तेवढी हलत राहिली.

आत्याने टोपली उचलली. ती ऊबदार लागली. चार पावलं गेली आणि थांबली.

"सख्या, शेजारच्या घराची किल्ली कुणाकडं हाय रं?"

"चुलत्यानं माझ्याकडंच ठेवलीया. का गं, आक्का?"

"उघड ते. ही ऊब घिऊन रिकाम्या घरात एकटी जाववंना मला."

कोळ्यांची जाळी झटकली, कुलूप कुरकुरत उघडलं. आत्याने घर सारवलं, चूल मांडली आणि खुडूक बसलेली मिरी पाटीसकट नेऊन तिच्याखाली ती तेरा अंडी मांडली.

तरी तुळसा रोज दुपारी करवंदीपाशी जाऊन बसायची. हाक मारायची. कुणी ओ द्यायचं नाही. तिला परीची फार आठवण यायची, ती काही लपवण्यासारखी गोष्ट नव्हती. एकविसाव्या दुपारीही ती तशीच गुडघ्यांत मान घालून बसली होती.

"तुळशे! ए तुळशे!" शेजारच्या घरातून आत्या ओरडत होती. "पैलं पिल्लू आलं बघ! ये गं लवकर!"

तुळसा उठली आणि धावत सुटली.