नक्षीचा कागद

बंदरावरच्या कस्टम कचेरीत कुमुदिनीबाई टिपणीस काठी टेकत एकट्याच आल्या. त्या जन्मांध होत्या आणि अंधांच्या शाळेत इंग्रजी शिकवत. शाळेतल्या एकुलत्या एका ब्रेल पुस्तकाचे ठिपके मुलांच्या बोटांखाली झिजून सपाट झाले होते. म्हणून बाईंनी वर्षभर पत्रं लिहून परदेशातून बारा नवी पुस्तकं मागवली होती.

कस्टमचे अधिकारी धारप यांनी खोका उघडून पानं चाळली. "बाई, यात एकही अक्षर नाही. शाळेच्या पुस्तकांना कर माफ आहे, पण हा नक्षीचा कागद आहे," असं म्हणत त्यांनी बाईंच्या अर्जावर तसं लिहूनही टाकलं. "कर भरा, नाहीतर खोका परत जाईल."

एवढा कर शाळेला झेपणारा नव्हता.

"साहेब, तुमचं नियमांचं पुस्तक हातात घ्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता डोळे मिटा आणि त्यातली एक ओळ वाचून दाखवा."

साहेबांनी डोळे मिटले. "असं कसं वाचता येईल?"

बाईंनी खोक्यातलं एक पुस्तक उघडलं आणि बोटं फिरवत अख्खं पान खणखणीत आवाजात वाचलं.

"आता सांगा, साहेब. आपल्या दोघांपैकी पुस्तक कुणाच्या हातात आहे आणि नुसता कागद कुणाच्या?"

धारपांनी डोळे उघडले. त्यांनी अर्जावरचे आधीचे शब्द खोडून 'पुस्तके, करमाफ' असं लिहिलं आणि खोका स्वतः उचलून बाईंच्या टांग्यापर्यंत नेला.