इग्नेसचं थरथरतं लॅटिन

आईशप्पथ, गोष्ट खरी आहे. म्हणजे नावं खोटी, गावही खोटं, पण घाम खरा.

वसईकडच्या एका सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, फादर बर्थोल लॅटिन शिकवायचे. ज्याला वाक्य समजावता येईना, त्याची ट्रंक संध्याकाळच्या एसटीत चढायची. तीन ट्रंका गेल्या होत्या. आज पाळी इग्नेस तुस्कानोची.

फादरांनी फळ्यावर लिहिलं, ‘मागिस्तेर पुएरुम तेर्रेत.’ म्हणजे, मास्तर पोराला घाबरवतो.

“कर्ता, कर्म, क्रियापद! बोल, गाढवा!”

 इग्नेसचे गुडघे बाकावर टकटक वाजायला लागले.

“फादर... कर्ता तुम्ही. ‘पुएरुम’मधला ‘उम’ म्हणजे आपला ‘ला’, म्हणून कर्म मी. आणि क्रियापद... हे काय, बाक वाजतंय.”



“मी घाबरवतो?” फादर गरजले.

“नसाल घाबरवत, तर हसून दाखवा, फादर. कोणी घाबरलं नाही, तर माझं उत्तर चूक. मी ट्रंक भरतो.”

फादर आयुष्यात पहिल्यांदा हसले. ते हसू बघून मागच्या बाकावरचे दोघे खिडकीतून पळाले.

फादरांनी मुकाट्याने इग्नेसच्या वहीवर बरोबरची खूण केली.

हसलात? मग चहा तुमच्याकडून. नाही हसलात? मग सोबत भजीही.