सगुणेचा नद्यांचा धडा

"दसऱ्यापर्यंत माझ्या तिन्ही मुलांना राज्यातल्या नद्या आल्या नाहीत, तर शास्त्रीबुवा, तुम्ही वेशीबाहेर!" राजा दुर्जयसिंह गरजला. "आणि ऐका! माझ्या राज्यात कायदा सगळ्यांना एक. तेव्हा धडा एक आणि शिकवायची रीतही एकच!"

नीळकंठशास्त्र्यांनी कपाळाला हात लावला. थोरला शूरसेन एका जागी घटकाभर टिकत नसे. मंजिरी पोथी उघडली की खिडकीबाहेर बघत गुणगुणायची. धाकटा उद्धव तर कशालाही आधी "नाही!" म्हणायचा. शास्त्रीबुवा घसा बसेपर्यंत घोकून घेत, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी!

पूजेची फुलं घेऊन आलेली माळ्याची सगुणा हे ऐकत होती. शास्त्रीबुवांचे भरलेले डोळे पाहून तिला राहवेना.

"महाराज, मी शिकवते! नद्या शास्त्रीबुवा सांगतील, मुलांच्या गळी मी उतरवीन."

"तू?" राजा मिशीत हसला. "जमलं नाही, तर तूही बाहेर आणि तुझा बापही! रीत मात्र एकच!"

"एकच, महाराज. वचन!"

सगुणेने शास्त्रीबुवांकडून नद्या नीट समजून घेतल्या. मग शूरसेनाच्या हाती कुदळ दिली. त्याने बागेत नद्यांचे पाट खणले, पाणी सोडलं आणि पाण्याबरोबर ओरडत धावला, "ही तांबडी! ही वेळू तिला मिळाली!"

मंजिरीसाठी सगुणेने नद्यांची गाणी रचली. मंजिरी ती झोपाळ्यावर गाऊ लागली.

उद्धवाला ती फक्त म्हणाली, "घुंगुरा नदी पश्चिमेला वाहते, नाही का?"

"नाही! पूर्वेला!"

"खोटं!"

उद्धव तणतणत गेला आणि पुरावा म्हणून शास्त्रीबुवांची पोथीच घेऊन आला. रोज सगुणा चुकायची, रोज तो तिला खोटं पाडायचा!

दसऱ्याला दरबार भरला. नव्या पोशाखात मुलं उभी राहिली आणि राजाने विचारलेली एकही नदी अडली नाही. शास्त्रीबुवांनी डोळे पुसले.

पण राजाच्या कपाळावर आठ्या! "मी सज्जातून सगळं पाहिलंय. एक खणतो, एक गाते, एक भांडतो! तीन रीती झाल्या. वचन मोडलंस!"

माळ्याने पोरीला मागे ओढलं. सगुणेने मात्र हात जोडले.

"महाराज, हे पोशाख कुणी शिवले?"

"आमच्या शिंप्याने."

"मग तिन्ही वेगवेगळे कसे? एक लांब, एक आखूड, एक सैल! त्याला तीन रीती येतात वाटतं?"

"वेडी की काय! रीत एकच. आधी माप घ्यायचं, मग कापड कापायचं!"

"मीही तेच केलं, महाराज! आधी मुलाचं माप घेतलं, मग धडा बेतला."

राजाने डोळे बारीक केले. "पोरी, मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमचंही माप घेतलं होतं ना, महाराज! तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं का?"

राजा असा खदखदून हसला की मुकुट डोक्यावरून घसरून मांडीत पडला!

"शास्त्रीबुवा, उद्यापासून पाठशाळा बागेत भरेल! आणि तुमच्या शेजारी दुसरं आसन सगुणेचं!"

असं म्हणून त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातला.